हार्लन खाणीतलं कुलूप

ऑगस्टा थोर्सनने आयुष्यात पुष्कळ काही गिळलं होतं. पण त्या मार्चमधल्या सकाळी, राज्याच्या इतिहास मंडळाच्या बैठकीत, अध्यक्ष प्रूएट यांनी हस्तलिखिताच्या एका अख्ख्या पानावर लाल पेन्सिलीने उभी रेघ ओढली, तेव्हा मात्र तिच्या घशाखाली काही उतरेना.

“एवढं काढलं की झालं,” प्रूएट म्हणाले. “एक वाक्य ठेवा. हार्लन खाणीत दुर्दैवी अपघात झाला, त्यात काही कामगार दगावले. बस्स. राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून काढतोय आपण हे पुस्तक. लोकांना रडवायचं कशाला?”

“अपघात नव्हता तो,” ऑगस्टा म्हणाली. “दाराला कुलूप होतं.”

“असं बायका म्हणतात.”

“ज्यांचे नवरे आत मेले, त्या बायका म्हणतात.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डॉ. एल्स्वर्थ पाइप साफ करत बसले होते. पुस्तकावर लेखक म्हणून त्यांचं नाव पडणार होतं. पूर्वेकडच्या मोठ्या विद्यापीठातून येऊन त्यांना इथे दोन हिवाळे झाले होते आणि राज्यातल्या नद्यांची नावं अजून त्यांना धड उच्चारता येत नव्हती. वर न बघताच ते म्हणाले, “इतिहासाला कागद लागतो, मिस थोर्सन. स्वयंपाकघरातल्या गप्पांना इतिहास म्हणायला लागलो, तर मग संपलंच.”

ऑगस्टाने त्यांच्या पाइपकडे पाहिलं. त्यांच्या समोर पडलेला एकूण एक कागद तिने किंवा तिची सहकारी विनी हिने आणलेला होता. मंडळ म्हणजे राजधानीतल्या सरकारी इमारतीच्या तळघरातल्या दोन खोल्या होत्या आणि शेजारी कोळसा साठवत, तेव्हापासून त्या दोघी तिथे होत्या. ओस पडलेल्या खाणगावांत जाऊन त्यांनी खुराड्यांच्या भिंतींना डकवलेली जुनी वर्तमानपत्रं वाफेने सोडवून आणली होती. कोंबड्यांना थंडी वाजू नये म्हणून लोकांनी राज्याची पहिली दहा वर्षं भिंतीला लावून टाकली होती. पुरात भिजलेली कोर्टाची दफ्तरं त्यांनी कपड्यांच्या दोरीवर वाळवली होती. आधी टपालाच्या घोडागाडीने, मग एका खिळखिळ्या मोटारीने त्या सगळं राज्य फिरल्या होत्या. पुस्तकाची प्रकरणंही ऑगस्टानेच लिहिली होती. एल्स्वर्थनी स्वल्पविराम इकडचे तिकडे केले होते. नाव कुणाचं का पडेना, लिहिलेलं तर राहील, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आता लिहिलेलंही राहणार नव्हतं.

“आणखी एक,” प्रूएट कागद आवरता आवरता म्हणाले. “त्या खाणीच्या गावातल्या, रेव्हन गल्चच्या बायकांच्या जबान्यांची खोकी आहेत ना तुमच्याकडे? ती माझ्या कचेरीत पाठवून द्या. तिथे सुरक्षित राहतील.”

प्रूएट मंडळाचे अध्यक्ष होते आणि तांब्याच्या कंपनीचे वकीलही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तांबं कंपनीचं, वर्तमानपत्रं कंपनीची, अर्धे आमदार कंपनीचे; मग इतिहास तेवढा दुसऱ्या कुणाचा कसा असेल?

“किती दिवसांसाठी?” ऑगस्टाने विचारलं.

“बघू.”

त्यांच्या ‘बघू’मध्ये गेलेला एक जमिनीचा नकाशा तीन वर्षांत परत आला नव्हता. ऑगस्टा “बरं” म्हणाली आणि उठली. मंडळाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

मागच्या खोलीत विनिफ्रेड केसल खिडकीपाशी बसून लेबलं लिहीत होती. विनी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, बारकी, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेली. नोंदी, इतिवृत्तं, पत्रव्यवहार, सगळा तिच्याकडे. ऑगस्टाने बैठकीतलं सांगितलं. विनीने टाक खाली ठेवला.

“दे पाठवून,” ती म्हणाली.

“काय?”

“पाठवून दे म्हणते. अगं, चार खोकी आहेत. इथे चार हजार आहेत. तू भांडलीस तर तुला काढतील, मग मला काढतील, आणि इथे प्रूएटचा कुणीतरी सोयरा येऊन बसेल. पहिल्याच हिवाळ्यात तो अर्धं दफ्तर शेगडीत घालेल. मग तुझ्या चार खोक्यांचं काय लोणचं घालायचं?”

“त्या खोक्यांत माणसं आहेत, विनी.”

“सगळ्याच खोक्यांत माणसं आहेत.”

हे खरं होतं, म्हणूनच ऑगस्टा जास्त भडकली. “भित्री आहेस तू.”

“हो, आहे. माझी आई अंथरुणाला खिळलीय आणि मी भित्री आहे. तुला काय, तुझ्या मागे ना पुढे कुणी.”

वीस वर्षं त्या एकाच टेबलावर डबा खात आल्या होत्या. त्या दिवशी विनीने आपलं सँडविच उचललं आणि जिन्यात जाऊन खाल्लं.

शनिवारी इमारतीत कुणी नसताना ऑगस्टाने चारही खोकी मोटारीत घातली आणि रेव्हन गल्चला निघाली. डोंगरावरून गरम वारा सुटला होता, रस्त्यावरचं बर्फ वितळून नुसता राडा झाला होता. वाटेत मोटार दोनदा रुतली. दोन्ही वेळा तिने एकटीने फळी टाकून काढली आणि दोन्ही वेळा प्रूएटचा उद्धार केला. तिचा बाप लूथरन पाद्री होता. त्याने ते शब्द ऐकले असते तर जेवण सोडलं असतं.

हार्लन खाणीला आग लागली होती त्याला सत्तावीस वर्षं होऊन गेली होती. खाणीच्या खालच्या मजल्यावरून शेजारच्या खाणीत जायला एक लोखंडी दार होतं. धूर भरला तर पळायची तेवढीच वाट. एकसष्ट माणसं त्या दारापाशी सापडली. चौकशी समितीने लिहिलं, कामगारांनीच मेणबत्ती पाडली आणि घाबरून वाट चुकले. दाराबद्दल समितीला कुणी काही विचारलं नाही, समितीनेही कुणाला विचारलं नाही. ऑगस्टाने विचारलं, तेही वीस वर्षांनी. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून ती घरोघर बसली, बायका बोलल्या ते उतरवलं, टंकलिहून पुन्हा त्यांना वाचून दाखवलं. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी सही केली, बाकीच्यांनी फुली मारली.

पहिली सही ऐनो लेहटोलाची होती. फिनलंडहून नवरी होऊन आलेली बाई. विधवा झाल्यावर तिने एकटीने खाणकामगारांची खानावळ चालवून तीन मुलं मोठी केली. आता ती सत्तरीला टेकली होती. ऑगस्टाने खोकी तिच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली, तेव्हा ती राय धान्याच्या काळ्या पावाचं पीठ मळत होती.

“परत आणलंत?” हात न थांबवता मिसेस लेहटोला म्हणाली. “आमचं बोलणं राजधानीला पचलं नाही वाटतं.”

“त्यांना ते गायब करायचंय. इथे तुमच्याकडे राहिलं तर सुरक्षित राहील. पलंगाखाली, माळ्यावर, कुठेही ठेवा.”

मिसेस लेहटोलाचे हात थांबले. “म्हणजे पुन्हा पलंगाखाली.”

“तात्पुरतं.”

“मिस थोर्सन, तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला हाकलणार होते. वीस वर्षं मी ते तोंडातून काढलं नव्हतं. मुलांनासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, राज्याच्या इतिहासात जाईल. म्हणून सांगितलं. नंतर कितीतरी रात्री मला झोप नव्हती. आणि आता तुम्ही म्हणता, घ्या बाई तुमचं मढं परत, घरातच पुरा.”

ऑगस्टा प्रूएटवरचा राग घेऊन आली होती. स्वतःच्या वाट्याला राग येईल असं तिला वाटलं नव्हतं. “मग मी काय करू? तुम्हीच सांगा.”

“भांडा. पगार कशाचा घेता?”

ऑगस्टाने समोरचा कॉफीचा कप बाजूला सारला. ती म्हणाली, “भांडले तर ते माझ्यावर चोरीचा आळ घेतील. कोर्टात जावं लागेल. तुम्ही याल?”

“मला कोर्टात बोलावलंच नव्हतं कुणी,” मिसेस लेहटोला पुन्हा पीठ मळायला लागली. “बोलावलं तर येईन.”

खोकी गावातल्या फिनिश लोकांच्या सभागृहाच्या तळघरात बटाट्यांच्या पोत्यांमागे गेली. सोमवारी ऑगस्टाने प्रूएटना सांगितलं की खोकी देणार नाही, आणि कुठे आहेत तेही सांगणार नाही. प्रूएट रागावले नाहीत, ते हसले. “तुम्ही फार मनाला लावून घेता, मिस थोर्सन. या वयात बायकांचं होतं असं.” बुधवारी शेरीफ तिच्या भाड्याच्या खोलीवर आला. आरोप होता सरकारी मालमत्तेच्या चोरीचा. कंपनीच्या वर्तमानपत्राने तिचा फोटो छापला आणि वर मथळा दिला: ‘म्हातारीने पळवला राज्याचा खजिना’. ज्या जबान्यांना आदल्या दिवसापर्यंत चकाट्या म्हणत होते, त्यांचा एका रात्रीत खजिना झाला.

खाणकामगारांच्या संघटनेने तिला वकील दिला. डॉनेगन नावाचा, बारमाही सर्दीने बेजार असलेला माणूस. तो कागद बघून म्हणाला, “खरं सांगू? खोकी त्यांच्या इमारतीत होती, तुम्ही त्यांच्या पगारावर होतात. आपली बाजू लंगडी आहे.”

मेमध्ये खटला उभा राहिला. रेव्हन गल्चच्या बायका संघटनेच्या ट्रकमध्ये बसून आल्या आणि काळे कोट घालून मागच्या बाकांवर ओळीने बसल्या. प्रूएट सरकारी वकिलाच्या मागच्या खुर्चीत होते. सरकारी वकिलाने पहिली साक्षीदार बोलावली, ती विनिफ्रेड केसल.

भांडणानंतर विनी ऑगस्टाशी कामापुरतंही बोलली नव्हती. अटक झाल्यावर भेटायलाही आली नव्हती. ती निळी टोपी घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसली आणि तिने ऑगस्टाकडे पाहिलंही नाही.

“मिस केसल, ही खोकी कुठे ठेवलेली असत?”

“मागच्या खोलीत. खिडकीखाली.”

“म्हणजे मंडळाच्या जागेत?”

“हो.”

“आणि ती कुणी नेली?”

“मिस थोर्सनने. शनिवारी. सोमवारी जागा रिकामी होती.”

प्रूएट खुर्चीत मागे रेलले. ऑगस्टा विनीच्या टोपीकडे बघत होती. या बाईशी आपण मरेपर्यंत बोलायचं नाही, असं तिने मनात ठरवून टाकलं.

डॉनेगन नाक पुसत उठला. “मिस केसल, मंडळाकडे आलेली वस्तू मंडळाच्या मालकीची कधी होते?”

“आवक-नोंदवहीत चढली की. मंडळाचाच नियम आहे.”

“ही खोकी चढली होती?”

“नाही.”

डॉनेगनचा रुमाल नाकापाशीच राहिला. हे उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं. “का नाही?”

विनीने चष्मा डोळ्यांवर चढवला. “मी चढवायला घेतली होती. मिस्टर प्रूएटनी थांबवलं. मिस थोर्सन गावाला गेलेली असताना बैठकीत म्हणाले, राज्याच्या नोंदवहीत धुणंभांडी करणाऱ्या बायकांच्या चकाट्या येता कामा नयेत. तसा ठराव झाला. इतिवृत्त मी लिहिलंय, खाली त्यांची सही आहे. मी बरोबर आणलंय, वाचून दाखवू का?”

प्रूएट अर्धवट उठले. न्यायाधीश म्हातारा होता, मूळचा गुरं पाळणारा. त्याने हातानेच त्यांना बसवलं.

“तेव्हा ती खोकी आमच्याकडे नुसती पडून होती, साहेब,” विनी म्हणाली. “मिस थोर्सनची छत्री कोपऱ्यात पडून असते तशी. छत्री घरी नेली म्हणून काही तिला कुणी पकडलं नव्हतं.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. सरकारी वकील तावातावाने उठला. खोकी मंडळाची नाहीत तर नाहीत, पण मिस थोर्सनची तरी कशावरून? पगार मंडळाचा खात होती ना ती? डॉनेगनने लगेच पुढचं नाव पुकारलं: ऐनो लेहटोला. खोक्यातले शब्द ज्यांचे, त्यांच्याकडेच ती परत गेली आहेत, असं त्याचं म्हणणं होतं.

“आत काय आहे त्याच्याशी खटल्याचा संबंध नाही,” सरकारी वकील म्हणाला.

न्यायाधीशाने नकारार्थी मान हलवली. “आत आपलं बोलणं आहे असं या बाई म्हणतात. मग ते काय आहे हे त्यांना सांगता यायला हवं. मी कागद समोर धरून ऐकतो. बोला बाई.”

मिसेस लेहटोलाने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. डॉनेगनने तिच्या जबानीचा कागद न्यायाधीशासमोर ठेवला होता; तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“माझा नवरा हार्लन खाणीत खालच्या मजल्यावर होता,” ती म्हणाली. “चौथ्या दिवशी प्रेतं वर आणली. कंपनीच्या माणसांनी सांगितलं, पेट्या बंद आहेत, उघडायच्या नाहीत. मी उघडली. आमच्यात माणसाला अंघोळ घातल्याशिवाय पुरत नाहीत. त्याचा चेहरा चांगला होता. झोपल्यासारखा. हात धुवायला घेतले तर बोटांना नखं नव्हती. एकही नाही. दोन बोटांची तर हाडं दिसत होती.”

न्यायाधीश कागदावरच्या ओळीवर बोट ठेवून ऐकत होता.

“मी शेजारच्या कोर्नेलिया बिट्टोला बोलावलं. म्हटलं, हे बघ. ती म्हणाली, माझ्याही माणसाचे हात तसेच आहेत. मग आम्ही घरोघर गेलो. सगळ्यांचे हात तसेच. वाट चुकलेला माणूस नखं उपटून घेत नाही. ते दारापाशी होते आणि दार उघडत नव्हतं. त्या महिन्यात शेजारच्या खाणीत संप चालू होता. संपवाले इकडे येऊन आमच्या माणसांना फितवतील म्हणून मॅनेजरने कुलूप घातलं होतं. कुलूप घालणारा आमच्याच खानावळीत जेवायचा. त्याने मला स्वतः सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात तो गाव सोडून गेला.”

“चौकशी समितीला हे सांगितलंत?” डॉनेगनने विचारलं.

“समितीने मला दोन प्रश्न विचारले. नवरा दारू पीत होता का, आणि तुला मुलं किती.”

न्यायाधीशाने कागद खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. “शब्द न् शब्द जुळतो,” तो म्हणाला. “कागद या बाईंचा आहे.”

मग कोर्नेलिया बिट्टो उभी राहिली, तिच्यानंतर एक सर्बियन बाई. तिचं दुभाष्याकडून ऐकावं लागलं. लघुलिपी घेणाऱ्या कारकुनाने मध्येच थांबून डोळे पुसले आणि पुन्हा लिहायला लागला. मागच्या बाकांवर अजून आठ काळे कोट बसलेले होते. प्रूएटनी ते मोजले असावेत. ते पुढे वाकून सरकारी वकिलाच्या कानात काही बोलले. वकील उठला आणि म्हणाला, सरकार हा खटला मागे घेत आहे.

“मागे?” ऑगस्टा उभी राहिली. डॉनेगनने तिची बाही ओढली; तिने ती सोडवून घेतली. “अजून आठजणी बाकी आहेत.”

“मिस थोर्सन, तुम्ही सुटलात,” न्यायाधीश म्हणाला.

“मला सुटायचं नाही. त्यांना बोलू द्या. सत्तावीस वर्षं थांबल्यात त्या, पहाटे उठून ट्रकमध्ये बसून आल्यात. खटला यांनी घातला, आता ऐकवेना म्हणून उचलून नेणार? चालवा खटला. मला शिक्षा द्या हवी तर, पण त्यांचं ऐका.”

“आरोपच राहिला नाही तर मी काय ऐकू?” न्यायाधीश म्हणाला. त्यालाही हे पटत नव्हतं हे दिसत होतं, पण तो उठला आणि आत गेला. आठजणी तशाच बसून राहिल्या. त्यांतल्या एकीने घरून पाठ करून आणलं होतं. तिचे ओठ अजून हलत होते.

बाहेर पायऱ्यांवर ऑगस्टाने विनीला गाठलं.

“आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू डॉनेगनला सांगितलं असतंस, डॉनेगनने अर्ज केला असता आणि प्रूएटने मला साक्षीला बोलावलंच नसतं. तुझं तोंड मला माहीत आहे.”

“मी तुला मनात काय काय म्हटलं—”

“चेहऱ्यावर दिसत होतं. आणि ऐक, मी अजूनही म्हणते, तू चुकलीस. उद्या मला काढतील. आता त्या खोल्यांत कोण बसणार? सांग ना, कोण?”

विनीला दुसऱ्याच दिवशी काढलं, ऑगस्टाला तर आधीच काढलं होतं. तिथे प्रूएटचा जावई आला, आणि या दोघी रेव्हन गल्चला राहायला गेल्या, विनी आईला घेऊन. नोव्हेंबरमध्ये एल्स्वर्थांचं नाव घालून पुस्तक निघालं, सोनेरी अक्षरांचं. हार्लन खाणीत दुर्दैवी अपघात झाला, त्यात काही कामगार दगावले. सगळ्या शाळांना ते फुकट वाटलं.

कोर्टात तिघींनी जे सांगितलं ते मात्र शपथेवरचं होतं आणि कोर्टाच्या दफ्तरात गेलं होतं. तिथपर्यंत प्रूएटचा हात पोचत नव्हता. उरलेल्या आठजणींसाठी ऑगस्टाने हट्टाने एक नोटरी रेव्हन गल्चला नेला आणि फिनिश सभागृहात एकेकीला शपथ देववली. पाठ करून आलेली बाई दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

ख्रिसमसच्या आधी मिसेस लेहटोला खाटकाकडे सॉसेज आणायला गेली. घरी येऊन पुडकं सोडलं, तर आतला कागद हस्ताक्षरातला. तिला इंग्रजी वाचायला वेळ लागत असे, पण तिने तारीख वाचली आणि कोट घालून थेट ऑगस्टाची नवी खोली गाठली. राज्याच्या पहिल्या विधानसभेच्या कामकाजाचं पान होतं. जावयाने जागा मोकळी करायला तळघरातलं अर्धं दफ्तर रद्दीत विकलं होतं आणि ती रद्दी खाणगावांतल्या दुकानांपर्यंत पोचली होती.

विनीचं म्हणणं खरं ठरलं होतं. ऑगस्टा ते चरबीने माखलेलं पान घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

“बोल,” ती म्हणाली. “बोलून घे एकदा.”

“बोलायला जन्म पडलाय,” विनी पायांत बूट चढवत म्हणाली. “खाटकाकडे अजून किती आहे?”

रेव्हन गल्चच्या बायका दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या दुकानांत पोचल्या होत्या. खाटिक, मासेवाला, चांभार, कंदिलाच्या काचा विकणारा. आपापल्या घरातले पिठाच्या पिशव्यांचे कागद देऊन त्यांनी बदल्यात राज्याचे कागद उचलले. एका वाण्याने कुरकुर केली तर कोर्नेलिया बिट्टोने त्याची बोलती बंद केली. दुसऱ्या गावांतल्या ओळखीच्या बायकांना निरोप गेले. किती कागद त्याआधीच जळले, कितींत मासे गुंडाळले गेले, हे कुणालाच कधी कळलं नाही.

तो सगळा हिवाळा त्या दोघी फिनिश सभागृहात स्टोव्हजवळ बसून पानं सुकवत होत्या, गठ्ठे लावत होत्या आणि भांडत होत्या. विनी म्हणायची, चार खोकी दिली असतीस तर हे झालं नसतं. ऑगस्टा म्हणायची, ती दिली असती तर पुढच्या वर्षी त्याने आणखी चार मागितली असती. दोघींपैकी कुणी माघार घेतली नाही. मिसेस लेहटोला कॉफी घेऊन यायची आणि म्हणायची, “भांडा, पण हात चालू ठेवा.”

प्रूएट पुढल्या वर्षी सिनेटर झाले. त्या संध्याकाळी रेडिओवर त्यांचं भाषण लागलं, राज्याच्या थोर परंपरेविषयी. ऑगस्टाने ते शेवटपर्यंत ऐकलं, एकही वाक्य न सोडता उतरवून घेतलं, आणि वर तारीख घालून गठ्ठ्यात लावलं.

“ते कशाला ठेवतेस?” विनीने विचारलं.

“तोही इतिहासच आहे,” ऑगस्टा म्हणाली, आणि तिने टाक इतका जोरात ठेवला की शाई मेजावर उडाली.